साथ आली म्हणजे गाव का भांडते?

साथीच्या रोगाचा विषय निघाला म्हणजे आपण रोगजंतू, औषध आणि वैद्य या तीन गोष्टींचा विचार करतो. परंतु या तिहींइतकीच जुनी अशी एक चौथी गोष्ट प्रत्येक साथीबरोबर गावात शिरते, ती म्हणजे वाद. रोग खरा की खोटा, तो आणला कोणी, वेस बंद करावी की नाही, लस टोचून घ्यावी की नाही, मेलेल्या माणसाला खांदा कोणी द्यावा आणि माणसे एकूण मेली तरी किती, या प्रश्नांवरून भाऊ भावाशी भांडतो, शेजारी शेजाऱ्याशी भांडतो आणि सगळे गाव मिळून सरकाराशी भांडते. साथ ओसरली की ही भांडणे आपण विसरून जातो आणि पुढची साथ आली म्हणजे पुन्हा पहिल्यापासून भांडू लागतो.

या भांडणांचे एक सोपे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. शिकलेले लोक शास्त्राचे ऐकतात आणि अडाणी लोक अफवांचे ऐकतात, म्हणून वाद होतो, असे ते स्पष्टीकरण आहे. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. यवतमाळ जिल्ह्यात आणि एकंदर महाराष्ट्रात दोन शतकांत जे घडले ते नीट पाहिले, तर असे दिसते की अशा बहुतेक भांडणांच्या तळाशी एक रास्त प्रश्न दडलेला असतो. त्या प्रश्नाला वेळेवर उत्तर मिळाले तर भांडण शमते. उत्तर मिळाले नाही तर त्याची रिकामी जागा अफवा भरून काढते. एवढीच एक गोष्ट या लेखात मांडावयाची आहे.

प्रथम विषाणूचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. विषाणूला स्वतःचा संसार नाही. जिवंत पेशीत शिरल्याखेरीज त्याची वाढ होत नाही. श्वासावाटे पसरणाऱ्या काही विषाणूंची गोष्ट अशी की ताप चढण्याच्या एकदोन दिवस आधीपासूनच तो माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो. म्हणजे जो धडधाकट दिसतो, बाजारात सौदा करतो, तोच रोग वाहून नेत असतो. आपला सगळा व्यवहार डोळ्यांच्या साक्षीवर चालतो आणि येथे नेमकी डोळ्यांची साक्ष खोटी ठरते. त्यात भर अशी की पुष्कळ जण चार दिवस अंगदुखी सोसून बरे होतात आणि एखाद्या घरातला कर्ता माणूस मात्र आठ दिवसांत जातो. पहिला म्हणतो, "साधा ताप होता." दुसऱ्या घरातून रडण्याचा आवाज येत असतो. दोघेही आपापला अनुभव प्रामाणिकपणेच सांगत असतात. शिवाय रोग टाळण्याचे यश कधी दिसत नाही. शेताला बांध घातला आणि माती वाहून गेली नाही, तर बांधाचा खर्च उगाच केला असे म्हणणारा निघतोच. तेव्हा वाद होणे हे अशा रोगाच्या स्वभावातच आहे.

आपल्या लोकांना विलगीकरण ठाऊक नव्हते, असेही नाही. देवीचा रोग विषाणूचाच. घरात देवी आल्या म्हणजे दाराला कडुनिंबाचा डहाळा लागे, परक्याला आत येऊ देत नसत, फोडणी देत नसत, मोठ्याने बोलत नसत. भावना धार्मिक होती, पण तिचा एक परिणाम असा होई की रोगी घरातच राही आणि बाहेरचा माणूस बाहेर राही. हे बंधन लोक पिढ्यान् पिढ्या आपखुशीने पाळत आले, याचे कारण आमच्या मते असे की त्यात रोग्याचा अपमान नव्हता. उलट देवी त्याच्या अंगी आली म्हणून त्याला मान होता. आईला मुलापासून कोणी तोडून नेत नव्हते.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस यशस्वीपणे टोचली गेली. हिंदुस्थानातील ते पहिले लसीकरण होय. पुढे मराठीने या क्रियेला 'देवी काढणे' असेच नाव दिले. तरीही लोक मुले लपवीत. पूर्वी लस एका मुलाच्या दंडावरील फोडातून काढून दुसऱ्याच्या दंडात घालीत, आणि तीतून दुसरे रोगही जाऊ शकत. तेव्हा "कोणाच्या अंगातले काय माझ्या लेकराच्या अंगात घालता?" हा आईचा प्रश्न केवळ अंधश्रद्धेचा नव्हता, वैद्यकाच्या दृष्टीनेही तो योग्यच होता. पुढे वासरापासून लस करू लागले, नंतर उन्हाळ्यात टिकणारी कोरडी लस आली, दोन टोकांची सुई आली आणि घरोघर जाणारे कर्मचारी आले. मे १९७५ मध्ये भारतातील शेवटचा स्थानिक रोगी नोंदला गेला आणि मे १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. प्रश्नाला उत्तर मिळाले तसतसा विरोध मावळला. आजही अनेक वडीलधाऱ्यांच्या दंडावर त्या लढ्याची गोल खूण आहे.

प्लेगचा रोग विषाणूचा नव्हे, जिवाणूचा. पण आपला साथीचा कायदा त्याच वेळी, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी झाला, म्हणून त्याचा उल्लेख येथे केला पाहिजे. त्या वर्षी पुण्यात गोरे सैनिक घरे तपासण्यासाठी स्वयंपाकघरापर्यंत आणि देवघरापर्यंत शिरले. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोगी पोहोचवीत होत्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. रोग एकच होता. एक हात बंदूक घेऊन दार ढकलीत होता आणि दुसरा हात रोग्याला उचलून घेत होता. लोकांनी कोणाला शत्रू मानले आणि कोणाला आई मानले, हे सांगावयास नको. गाव मोकळे करून रानात झोपड्या घालून राहण्याचा उपाय मात्र महाराष्ट्रात लोकांनी बराच पत्करला, कारण तेथे कुटुंब एकत्र राहत होते.

यानंतर १९१८ चा इन्फ्लुएंझा आला. यवतमाळ तेव्हा वऱ्हाडातील एक जिल्हा होता आणि वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. जून १९१८ मध्ये रोग मुंबई बंदरात उतरला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली ती भयंकर होती. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ माणसे मेली. रेल्वेने प्रवासी आणि रजेवरचे सैनिक यांच्याबरोबर रोग आत आत शिरला आणि मध्यप्रांत व वऱ्हाड हा देशातील अत्यंत पीडित भागांपैकी एक ठरला. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते आणि पुष्कळ डॉक्टर महायुद्धावर गेलेले होते. हा रोग विशेषेकरून वीस ते चाळीस वर्षांच्या माणसांना, आणि त्यातही स्त्रियांना नेत असे. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे वऱ्हाडात कापूस वेचण्याचे दिवस. ज्यांनी वेचावयाचा तीच माणसे अंथरुणावर होती.

या साथीत शहाणा कोण आणि अडाणी कोण? गावातला माणूस म्हणे की हवा बिघडली किंवा देवी कोपली. मोठमोठे डॉक्टर म्हणत की फायफर यांनी शोधलेल्या जिवाणूमुळे हा रोग होतो. दोघांचेही म्हणणे चुकीचे होते. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडला तो १९३३ मध्ये. शास्त्राचा मोठेपणा ते कधी चुकत नाही यात नाही, चूक सापडल्यावर ते उघडपणे दुरुस्त करते यात आहे. ही गोष्ट लोकांना आधीच सांगून ठेविली, तर मत बदलणाऱ्या डॉक्टरला कोणी लबाड म्हणणार नाही.

त्या साथीतील मृतांची मोजदाद हा तर आजवर न मिटलेला वाद आहे. गावोगावच्या मृत्यूंची नोंद पाटील-कोतवालांच्या मार्फत वर जात असे. नोंद करणारेच आजारी पडले तेव्हा नोंद थांबली. देशात सुमारे ६० लाख माणसे गेली असा अंदाज सरकारने आरंभी केला. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत आहेत. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशाची लोकसंख्या १९११ ते १९२१ या दशकात वाढण्याऐवजी जवळजवळ ३ टक्क्यांनी घटली. एवढी माणसे गेली, पण त्यांतल्या कितीकांची नावे कोणत्याही कागदावर नाहीत.

आता आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या कोरोनाच्या साथीकडे वळू. मार्च २०२० मध्ये दुबईच्या सहलीहून परतलेल्या प्रवाशांत रोग आढळला आणि यवतमाळचे नाव महाराष्ट्रातील पहिल्या रुग्णांच्या यादीत आले. लगेच पहिला वाद उभा राहिला, तो रोग आणला कोणी याचा. हा वाद नवा नाही. १९१८ च्या रोगाला जगाने 'स्पॅनिश' म्हटले, ते केवळ स्पेन युद्धात नसल्यामुळे तेथील वृत्तपत्रे मोकळेपणी बातम्या छापीत होती म्हणून. हिंदुस्थानात त्याच रोगाला मुंबईचा ताप म्हणत. २०२० मध्ये दिल्लीच्या तबलिगी मेळाव्यावरून एका सगळ्या समाजाकडे बोट दाखविले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या प्रकरणातील परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असावे, असा अभिप्राय दिला. दोष देण्याचा तोटा केवळ नैतिक नाही, व्यावहारिकही आहे. ज्याला शिव्या मिळणार हे ठाऊक असते तो ताप लपवितो, आणि लपलेला ताप सगळ्या गावात फिरतो.

तथापि याही वादाखाली एक रास्त प्रश्न होता. आमच्या गावात कोण आले हे आम्हाला कळावे की नाही? महाराष्ट्रात कितीतरी गावांनी वेशीवर काट्या टाकल्या, बैलगाड्या आडव्या लावल्या. पुण्या-मुंबईहून परतलेल्या आपल्याच पोरांना चौदा दिवस शाळेत ठेविले. जेथे शाळेत पंखा होता, डबा वेळेवर पोहोचत होता आणि संध्याकाळी आई लांबून का होईना तोंड पाहू शकत होती, तेथे पोरे राहिली. जेथे त्यांना कोंडून ठेवल्यासारखे झाले, तेथून ती रातोरात निघून जाणार हे उघड आहे. एप्रिल २०२१ मध्ये घाटंजी तालुक्यातील एका उपचार केंद्रातून वीस रुग्ण निघून गेल्याची बातमी आली तेव्हा पुष्कळांनी त्यांना मूर्ख म्हटले. आम्ही आधी विचारू की त्या माणसांना तेथे राहवत का नव्हते?

दुसरा वाद भाकरीचा होता. २४ मार्च २०२० च्या रात्री सगळा देश बंद झाला. पगारदाराला घरात बसणे ही अडचण होती, रोजमजुराला ती उपासमार होती. कापसाची सरकारी खरेदी थांबली आणि ऐन उन्हाळ्यात विदर्भातील शेतकऱ्यांच्या घरांत कापूस पडून राहिला. घरात कापूस आणि खिशात पैसा नाही, अशा स्थितीत खरिपाचे बियाणे कशाने घ्यावयाचे? पांढरकवड्यावरून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गाने मजूर डोक्यावर बोचकी घेऊन चालत होते. १९ मे २०२० रोजी पहाटे आर्णी तालुक्यात कोळवनजवळ मजुरांना नेणारी बस मालमोटारीवर आदळली आणि चार माणसे मेली. एप्रिल २०२१ मध्ये दारूची दुकाने बंद असताना वणी येथे हात धुण्याचे सॅनिटायझर पिऊन सात जण मेले. या माणसांना विषाणूने मारले नाही, तरी साथीच्या हिशेबात ती धरलीच पाहिजेत. बंदीला विरोध करणारा प्रत्येक जण रोगाला खोटा म्हणत नव्हता. "बंदी सगळ्यांसाठी आणि किंमत माझ्या एकट्याची का?" असे तो विचारीत होता.

तिसरा वाद नियमाच्या समानतेचा होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात सर्वांत आधी ज्या भागांत लागली त्यांत अमरावती, अकोला आणि यवतमाळ हे जिल्हे होते आणि १८ फेब्रुवारीला तेथे निर्बंध जाहीर झाले. लग्नाला किती पाहुणे यावेत हे सरकार ठरवू लागले. पाचच दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, शेजारच्या वाशीम जिल्ह्यात पोहरादेवी येथे राज्यातील एका मंत्र्याच्या भेटीच्या वेळी हजारोंची गर्दी झाली. पुढे गुन्हे दाखल झाले. पण मधल्या काळात गावोगावी एकच प्रश्न विचारला जात होता. आमच्या घरच्या वऱ्हाडातून जो विषाणू पसरतो, तो पुढाऱ्याच्या गर्दीतून पसरत नाही काय? नियम मोडणारे दोन प्रकारचे असतात. एकाला नियम कळत नाही. दुसऱ्याला तो नीट कळतो, पण सगळ्यांना सारखा लागू नाही हेही दिसते. दुसऱ्याची समजूत भित्तिपत्रके लावून कशी पटणार?

चौथा वाद लसीचा. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोरोनाची लस सुरू झाली. त्यानंतर पंधराच दिवसांनी, ३१ जानेवारीला, घाटंजी तालुक्यात पोलिओच्या मोहिमेत बारा बालकांना डोसाऐवजी चुकून सॅनिटायझर पाजले गेले. मुले वाचली, संबंधितांवर कारवाई झाली. पण ज्या आयांनी ही बातमी ऐकली, त्यांच्या मनात नव्या लसीविषयी किंतु आला तर त्याला आपण अडाणीपणा म्हणणार काय? लसीने नपुंसकत्व येते, माणूस दोन वर्षांत मरतो, अशा खोट्या अफवा मेळघाटात, नंदुरबारात, शहरांतही पसरल्या. त्या खोट्या होत्या, हे निःशंकपणे सांगितलेच पाहिजे. परंतु त्यांच्याबरोबर काही साधे प्रश्नही होते. टोचल्यावर एकदोन दिवस ताप येतो, त्या दिवसांची मजुरी कोण देणार? नाव नोंदवावयाचे तर स्मार्टफोन पाहिजे, कोलामांच्या पोडावर तो किती जणांकडे असतो? आणि टोचणारा माणूस गाडीत बसून निघून गेला, तर रात्री ताप चढल्यावर दार कोणाचे ठोठवावे?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सरकारी पत्रकात नव्हते. ते उत्तर म्हणजे गावातली आशाताई. तिचे घर माहीत असते, तिची सासू माहीत असते, ती उद्याही गावातच असणार हे माहीत असते. गोंडी, कोलामी किंवा बंजाऱ्यांची गोरमाटी ज्या घरात बोलतात, तेथे त्याच बोलीत चार शब्द सांगणारा माणूस दहा भित्तिपत्रकांपेक्षा जास्त काम करतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये देशभर 'हर घर दस्तक' ही घरोघर जाण्याची मोहीम निघाली, तीही याच भरवशावर. पण जिच्यावर सगळा विश्वास उभा, त्या आशाताईला स्वतःच्या मानधनासाठी जून २०२१ मध्ये राज्यभर संप करावा लागला. विश्वास ही गावाची ठेव आहे. ती सांभाळणाऱ्याला उपाशी ठेवून चालत नाही.

शेवटचा वाद मृतांचा. रोगाने गेलेल्याचे तोंडही घरच्यांना पाहता आले नाही, खांदा देता आला नाही, अग्नी परक्याने दिला, हे दुःख अजून कितीतरी घरांत ताजे आहे. आणि पुन्हा मोजदादीचा प्रश्न आला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. सरकारने तो अमान्य केला. तोपर्यंतचा अधिकृत आकडा सव्वापाच लाखांच्या आसपास होता. मृतांच्या वारसांना ५० हजार रुपये देण्याचे ठरले, तेव्हा महाराष्ट्रात आलेल्या अर्जांची संख्या अधिकृत मृत्युसंख्येपेक्षा पुष्कळ जास्त भरली. हा वाद आकडेशास्त्र्यांचा आहे असे कोणी समजू नये. ज्या विधवेच्या नवऱ्याच्या दाखल्यावर रोगाचे नाव नाही, तिच्या चुलीशी तो येऊन भिडतो.

सगळेच वाद रास्त असतात असे आमचे म्हणणे नाही. साथीत काळाबाजार करणारे असतात, बनावट औषधे विकणारे असतात, द्वेषाची संधी साधणारे असतात. त्यांच्याशी वाद घालावयाचा नसतो, त्यांना आवरावयाचे असते. पण त्यांचा माल खपतो तो इतरांच्या प्रश्नांना उत्तर मिळालेले नसते म्हणून. भुकेल्या माणसाला जसे शिळेपाके विकता येते, तसे उत्तराविना ताटकळलेल्या माणसाला काहीही विकता येते.

मग करावयाचे काय? साथ नसताना भांडून घ्यावे, असे आमचे सांगणे आहे. ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले. पुढचा विषाणू केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण तो आला म्हणजे गावापुढे कोणते प्रश्न उभे राहतील हे आजच सांगता येते, कारण ते दोनशे वर्षांत फारसे बदललेले नाहीत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. त्यांपैकी एका सभेत एवढेच ठरवून लिहून ठेवावे. बाहेरून येणाऱ्याला कोठे ठेवावयाचे आणि त्याला जेवण कोण देणार? बंदी झाली तर मजुरांच्या घरात किती दिवसांचे धान्य कोण पोहोचविणार? लस घेऊन ताप आला तर रात्री कोणाला हाक मारावयाची? अंत्यविधी कसा करावयाचा, की शास्त्राचे सांगणेही राहील आणि घरच्यांना लांबून का होईना निरोप घेता येईल? आणि गावात गेलेल्या प्रत्येक माणसाचे नाव कोणत्या वहीत, कोणाच्या हस्ताक्षरात लिहिले जाईल आणि ते सभेत वाचून कोण दाखवील?

त्या सभेतही आरडाओरडा होईल, दोन जण उठून जातील, एखादा जुने वैर उकरून काढील. होऊ द्यावे. सभेत झालेले भांडण सभेतच मिटू शकते. तेच भांडण रोग्याच्या दाराशी झाले तर त्यात माणूस जातो.